गाडीत बसलेली देवी

मी आणि माझा नवरा बारामतीत राहून व्हिडिओ गेम बनवतो. हे ऐकल्यावर लोक मान डोलावतात आणि विचारतात, "बरं, पण काम काय करता?" तो चित्रं काढतो, मी कोड लिहिते. दिवसा पुण्याच्या कंपन्यांची कामं आणि उरलेल्या वेळात आपला स्वतःचा गेम, असं आमचं चाललेलं असतं.

तेव्हा आमच्या डोक्यात एक सायबरपंक गेम बसला होता. म्हणजे पुढच्या काळातलं अवाढव्य शहर, सतत जळणारे गुलाबी-निळे दिवे, डोक्यात चिप बसवलेली माणसं आणि सगळ्यांवर एकाच कंपनीची सत्ता. असे गेम जगात ढिगाने आहेत. आमच्या शहरात फरक इतकाच, की बिघडलेल्या चिपा मंत्राने दुरुस्त व्हायच्या, आणि शहराच्या तळघरात, बंद पडलेल्या कॉम्प्युटरांच्या खाली एक गावदेवी झोपलेली होती. आमची नायिका मेकॅनिक. ती देवीला उठवते. पुढे काय, यावर आमचं एकमत नव्हतं. नवरा म्हणायचा, देवी शहर जाळते. मी म्हणायचे, जाळल्यावर खेळणाऱ्याने काय राख गोळा करायची? हा वाद तसाच लोंबकळत ठेवून आम्ही देवीच्या आवाजाच्या मागे लागलो.

आधी कॉम्प्युटरकडून आवाज काढून पाहिला. देवी "मी या नगराची राखण करते" म्हणाली, की पुढे "मराठीसाठी दोन दाबा" येणार असं वाटायचं. मग मी स्वतः बोलून पाहिलं. नवऱ्याने हेडफोन काढले आणि हळूच विचारलं, "तुला सर्दी झालीये का?"

तेव्हा त्याला त्याची आत्या आठवली. आत्याबाई निरवांगीला असतात. नवरात्रात त्यांच्या अंगात देवी येते, आणि एरवीही त्यांचा आवाज असा की त्यांनी दारातून म्हशीला दटावलं तर रस्त्याने जाणारा माणूस सायकलवरून उतरतो.

आम्ही गेलो. चहा झाला. नवऱ्याने घाईघाईत विषय काढला, "आत्या, अंगात देवी आल्यावर बोलतेस ना, तसं थोडं बोलून दाखव. आम्ही रेकॉर्ड करतो."

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. "देवी म्हंजी काय नळ हाय व्हय रं, चावी फिरवली की यायला? तिचं सोंग मी करायची न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आत्याबाई, देवीला नको बोलवायला. नाटकात काम करतात, तसं तुम्ही फक्त काम करा."

नाटक म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. शाळेत त्यांनी राजाचं काम केलं होतं, मिशी लावून, हे मला त्या दिवशी कळलं. "मग आधी सांगायचं की," त्या म्हणाल्या. "गोष्ट काय हाय?"

नवऱ्याने शहर, चिपा, कंपनी, मेकॅनिक सगळं सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"ती पोरगी कुणाची?"

नायिकेला आईबाप द्यायचं आमच्या मनातच आलं नव्हतं.

"अनाथ आहे," नवरा म्हणाला.

"आरारा. मग जेवती कुठं?"

"गोळी खाते. एका गोळीत दिवसभराचं जेवण."

"गोळ्या खाऊन मशिनी उचलती? तिला कुणाच्यातरी घरी जेवाय लावा आधी," असं बजावून त्या लुगडं सारखं करत उठल्या.

रेकॉर्डिंगला शांतता लागते. घरात म्हशी, कोंबड्या आणि शेजारचा टीव्ही होता. शेवटी नवऱ्याला सुचलं की गाडीत बसू, काचा बंद करू. अंगणात आमची गाडी उभी होती. आत्याबाई पुढच्या सीटवर, नवरा स्टिअरिंगपाशी माइक धरून आणि मी मागे. दुपारच्या उन्हात गाडीची भट्टी झाली होती. नवऱ्याने लिहिलेलं वाक्य आत्याबाईंनी आधी शाळेच्या नाटकासारखं, हात वर करून म्हटलं. मी म्हटलं, तुमच्या पद्धतीने बोला. त्यांनी घाम पुसला, डोळे मिटले आणि गर्जना केली:

"लई झोपला रं समदी! आता म्या उठलिया. एकेकाला बघतेच!"

माझ्या अंगावर काटा आला. आत्याबाईंनी डोळे उघडले तर काचेबाहेर त्यांची शेजारीण हात जोडून उभी. ती ताक मागायला आली होती. ती धावत गेली आणि बघता बघता अर्धी आळी गोळा झाली. कुणी नारळ आणला, कुणी बॉनेटला हळदकुंकू लावलं. एका तात्यांनी काचेवर टकटक केली. "आई, कारखान्याची ऊसतोड कवा मिळंल? तुरं आलं की उसाला, वजन घटतंय!"

आत्याबाईंनी काच खाली केली. "आवो तात्या, म्या हाय, देवी न्हाय! ह्यो गेम हाय, गेम!"

आमच्या भागात गेम केला म्हणजे माणूस संपवला. तात्या दोन पावलं मागे सरले. "कुणाचा गेम, आई?"

"देवी परीक्षा बघती," शेजारीण ठामपणे म्हणाली.

मग प्रश्न सुरूच झाले. सून माहेरून कधी येणार? बोअरला पाणी लागेल का? एकाचा मोबाइल सकाळपासून सापडत नव्हता. आत्याबाई वैतागून ओरडल्या, "आरं, भुसाऱ्यात बघ की! सकाळी तितंच बोलत बसलावतास, म्या बघितलं न्हवं का!"

तो भुसा ठेवायच्या खोलीकडे पळत गेला आणि मोबाइल उंच धरून परत आला. सगळ्यांनी हात जोडले. आत्याबाई आमच्याकडे वळून पुटपुटल्या, "मेले. आता ह्यी काय हालत न्हायती." शेवटी त्या उतरल्या, सगळ्यांना चहा पाजला आणि तासभर समजावलं. तरी जाताना शेजारीण गाडीच्या पाया पडूनच गेली.

बारामतीला येऊन ऐकलं तर सगळं रेकॉर्ड झालेलं. नवऱ्याने लिहिलेलं वाक्य उत्तम आलं होतं, पण आम्ही पुन्हापुन्हा ऐकत होतो ते पुढचंच. आमचा वाद तिथेच मिटला. देवी शहर जाळत नाही. ती उठते, आणि चिप बसवलेली सगळी माणसं तिच्यासमोर रांग लावतात. कुणाची आठवण हरवलीय, कुणाचा यांत्रिक हात ऐकत नाही, कुणाला झोपच येत नाही. देवी कावते आणि एकेक गाऱ्हाणं नायिकेच्या गळ्यात मारते. ती ते कसं सोडवते, हाच गेम. नवरा आठवडाभर हळहळत होता, कारण आगीची चित्रं त्याने फार मेहनतीने काढली होती. आवाज वापरायला आळीतल्या लोकांनी खुशीने होकार दिला. तात्यांना तेवढी आणखी एकदा, नीट दाढी करून बोलायची इच्छा होती.

गेमला पैसे पुरवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीला आम्ही व्हिडिओ कॉलवर कल्पना सांगितली. देवीची नेमकी शक्ती काय, असं त्यांनी विचारलं. नवरा ऊर्जा, लहरी वगैरे बोलायला लागला, तशी मी मोबाइल सापडल्याचा तुकडा लावून दिला. पलीकडे दोघंजण खुर्चीतून वाकून हसत होते. पहिला भाग करायचं ठरलं.

मी आत्याबाईंना फोन केला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या भागात मला मारामारी पायजे." नवऱ्याने लगेच तलवार काढून पाठवली, चांगली चमकणारी, निळ्या विजेची. त्यांचा उलट फोन आला. त्यांना तलवार नको होती, कोयता हवा होता.