नमस्कार ओळखणारा उंदीर

आमच्या धाकट्या भावजींइतका डोळ्यांवर विश्वास ठेवणारा माणूस उभ्या उरण तालुक्यात सापडायचा नाही. मात्र तो डोळा कॅमेऱ्याचा पाहिजे. कालवण खारट झालंय का, हेसुद्धा ते स्वतः चाखणार नाहीत. जेवणाऱ्यांची तोंडं कॅमेऱ्यात बघून ठरवतील.

बंदरावर त्यांना चांगल्या पगाराची नोकरी होती. ट्रक आला की कॅमेरा कंटेनरचा नंबर वाचायचा आणि फाटक उघडायचं, ते काम ते बघायचे. एक दिवस ती सोडून घरी आले. "वैनी, नंबर काय कोनीपन वाचील. मानूस समोर आला की यंत्राला कळला पायजे." त्या दिवसापासून आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांच्याशी बोलणं टाकलं. दोघे एका पंगतीला बसायचे आणि मध्ये मी. "त्याला सांग, मीठ सरकव." भावजी ते ऐकून मीठ सरकवायचेसुद्धा, तरी निरोप माझ्याकडूनच जायचा. भावजी वरवर हसायचे, पण हात धुताना रोज मला हळूच विचारायचे, "आज माझ्याबद्दल काय बोललं का आप्पा?"

यंत्रं मात्र थांबली नाहीत. अंगणात कुत्री येऊन कोंबड्यांच्या मागे लागायची, म्हणून भावजींनी ओटीवर कॅमेरा लावला. चार पायांवर काही दिसलं की आतून त्यांच्याच आवाजात "हाड! हाड!" व्हायचं. कुत्री दोन दिवसांत सरावली. मग आमच्या आतेसासूबाई आल्या. उंबऱ्याला हात लावायला त्या जरा जास्तच वाकल्या आणि यंत्र खेकसलं. त्या तशाच मागे फिरल्या. भावजी रिक्षापर्यंत त्यांच्यामागे धावले, "आत्या, तुमी वाकल्यावर त्याला तसं दिसलं!" असं सांगत. त्यामुळे रिक्षा आणखी जोरात गेली.

गेल्या गणपतीत त्यांनी मखरात विजेच्या मोटरवर हलणारा उंदीर बसवला. समोर कोणी हात जोडले की उंदीर मान लववणार, वरचा पंखा फिरणार आणि झेंडूच्या पाकळ्या पडणार. कॅमेऱ्याला नमस्कार शिकवायला महिनाभर मी हात जोडून उभी. मला लाज वाटायची, पण "चौथी शिकलेल्या वैनीचा नमस्कार सगळ्यात सरळ," असं म्हणून ते मला हलू देत नसत. त्यांना एकच आशा होती, आप्पा हे बघतील आणि काहीतरी म्हणतील. आप्पांनी मला सांगितलं, "त्याला सांग, मी देवाला हात जोरतो, उंदराला न्हाय."

आरतीच्या शेवटी आपल्यात जो तो हात जोडून स्वतःभोवती फिरतो, हे मात्र भावजी कॅमेऱ्याला शिकवायला विसरले. घरभर माणसं गरगर फिरायला लागली. हात दिसले, लपले, पुन्हा दिसले. यंत्राला प्रत्येक वेळी नवा भक्त आल्यासारखं वाटलं. उंदीर सारखी मान लववू लागला, पंखा सुसाट सुटला, सगळा झेंडू आप्पांच्या डोक्यावर आला आणि उंदराच्या हातातला मोदक उडून त्यांच्या आरतीच्या ताटात पडला.

"आरं गाढवा, थांबव तुजा उंदीर!"

टाळ्या, झांजा, सगळं गप्प झालं. भावजी जागचे हलले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. "वैनी, आप्पा माझ्याशी बोललं!"

"बोललो न्हाय, वरडलो! पयला बंद कर!" आप्पा म्हणाले. तेही त्यांच्याकडेच बघून.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. आप्पा मखरासमोर एकटेच होते. पंखा भावजींनी बंद केला होता, उंदीर तेवढा पुन्हा चालू होता. त्यांनी हात जोडले. उंदराने मान लववली. त्यांनी हात खाली केले आणि इकडेतिकडे बघून पुन्हा जोडले.

आता भावजी पुण्याला असतात. तिथे प्रदर्शनांच्या मोठ्या दालनांत अशीच यंत्रं बसवतात. आप्पा स्वतः फोन लावतात आणि पहिल्या वाक्यापासून ओरडतात. पलीकडचं हसू मला चुलीपर्यंत ऐकू येतं. मला आता कोणाचा निरोप कोणाला द्यावा लागत नाही. फोन ठेवला की आप्पा आणि मी जेवायला बसतो, आणि आप्पा मीठ स्वतःच उठून घेतात.