सव्वीस एप्रिलची फ्लॉपी

रुद्राणी मिटकरीबद्दल कुणी विचारलं की मी तिचं तोंडभरून कौतुक करतो आणि मग विषय बदलतो. आज बदलणार नाही. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत ती कॉम्प्युटर सुरक्षेची प्रमुख आहे. इंग्रजी पेपरात तिचा फोटो येतो, आणि लिंबागणेशला तिच्या वडिलांच्या, वैजिनाथअप्पांच्या किराणा दुकानात तो फोटो गल्ल्याच्या वर चिकटवलेला आहे. हे सगळं ज्या फ्लॉपीपासून सुरू झालं, ती फ्लॉपी बीडमध्ये मी आणली होती. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे सांगायची हिंमत राहायची नाही.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. बीडमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. अमेरिकेत पोरं कमी पडताहेत असं पेपरात छापून यायचं, आणि इकडे एका टायपिस्टच्या जागेला दोनशे अर्ज पडायचे. रुद्राणी आणि मी सुंदररावांच्या क्लासमध्ये शिकवायचो. पोरांसमोर ‘मॅडम’ आणि ‘सर’, एरवी कॉलेजपासूनची ओळख म्हणून अरे-तुरे. ती हुशार, मी बरा. हा फरक क्लासमधल्या पोरांनाही माहीत होता आणि मला चांगलाच टोचायचा.

जानेवारीत मी औरंगाबादच्या एका मित्राकडून पत्रिका जुळवायच्या प्रोग्रामची चोरटी कॉपी आणली. मुलामुलीची जन्मवेळ टाकली की छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते दोन मिनिटांत स्क्रीनवर. लगीनसराई तोंडावर होती. ज्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर, त्याला ती फ्लॉपी हवी झाली. दवाखाना झाला, लग्नपत्रिका छापणारा प्रेस झाला, खताचे व्यापारी झाले, आणि धान्याच्या मोंढ्याजवळची एक नागरी बँकही. बँकेचं नाव लिहीत नाही. तिचे चेअरमन मोहनराव यांच्या पुतणीचं लग्न तर त्याच प्रोग्रामवर जुळलं. कॉप्या करून द्यायचं काम रुद्राणीकडे. अकरा जागी फ्लॉपी गेली. मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नाही हा आमचा स्वभाव, आणि फुकट मिळतंय म्हटल्यावर तपासून कोण घेतो?

बावीस एप्रिलला, गुरुवारी, एका मासिकाबरोबर आलेली सीडी तिने क्लासच्या नव्या मशीनला लावली. सीडीत व्हायरस शोधायचा प्रोग्राम होता. सहज म्हणून तिने क्लासची मशीनं तपासली. सहाच्या सहा बाधित. मग पत्रिकेची मूळ फ्लॉपी तपासली. तीही. सोबत माहिती दिली होती. हा व्हायरस एरवी गप्प बसतो, आणि सव्वीस एप्रिलला मशीन चालू केलं की हार्डडिस्क पुसून टाकतो. काही मशीनं तर पुन्हा चालूच होत नाहीत.

सव्वीसला सोमवार होता. आणि मध्ये शनिवारी त्याच नागरी बँकेत कॉम्प्युटर ऑपरेटरच्या एकुलत्या एका जागेची मुलाखत होती. दोनशे चौदा अर्जांतून पाच जण उरले होते. त्यांत ती होती आणि मीही होतो.

माझे आईवडील नुकतेच कर्नाटकातल्या कारखान्यावरून ऊसतोड करून परतले होते. आमच्या घराण्यात महिन्याला पगार घेणारा माणूस तोवर झाला नव्हता. हे मी सबब म्हणून सांगतोय, ते मला कळतं.

“भागवत, अकराच्या अकरा जागी जाऊन सांगावं लागंल,” रुद्राणी म्हणाली.

“काय सांगणार? आमीच दिला म्हणून?”

“मग काय आभाळातून पडला म्हणून सांगू?”

“मुलाखत होऊ दे. मग सांगू.”

“आन् मधी कुणी चालू केलं तर? मुलाखतीपायी लोकांची कामं बुडवू?”

सुंदरराव हे ऐकत होते. त्यांना क्लासच्या नावाची काळजी. ते म्हणाले, “पोरी, व्हायरस-बियरस लोकांना कळत न्हाई. सोमवारी ग्रहयोग वाईट हाय, कॉम्प्युटर लावू नका म्हण. पत्रिकेच्या प्रोग्रामनंच दाखवलं म्हण. समदे ऐकतेत का न्हाई बघ.”

खरंच सगळ्यांनी ऐकलं असतं. पण रुद्राणी भडकली. “आन् मंगळवारी? किडा तिथंच राहणार ना सर? मला मशीन साफ करू द्यायला पाहिजे. त्यासाठी खरं तेच सांगावं लागतंय.”

शुक्रवारी ती उन्हात एकटी फिरली. मी पोट दुखतंय म्हणून खोलीवर पडून राहिलो. दुखत काहीच नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लगेच मशीन साफ करू दिलं. खताच्या व्यापाऱ्याने विचारलं, “सोमवारी अमावस्या हाय का?” प्रेसवाला तर तिच्यावरच ओरडला, पण ओरडून झाल्यावर बाजूला सरला. संध्याकाळपर्यंत आठ मशीनं साफ झाली. दोघांनी सोमवारी बंद ठेवायचं कबूल केलं. राहिली बँक. तिथला मॅनेजर म्हणाला, “चेअरमनसाहेबांना इचारल्याशिवाय मी हात लावू देत न्हाई.”

आणि चेअरमनसाहेब भेटणार होते ते शनिवारी, मुलाखतीत.

शनिवारी तिचा नंबर माझ्या आधी होता. दाराला नुसता पडदा. बाहेरच्या बाकावर आम्ही चौघे, आणि आतलं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. मोहनरावांनी नाव-गाव विचारलं. तिने सांगितलं आणि त्याच दमात म्हणाली, “साहेब, मला प्रश्न विचारायच्या आधी एक ऐका. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे. पत्रिकेच्या फ्लॉपीतून आलाय. ती फ्लॉपी मी दिली होती. उद्या मला दोन तास द्या. न्हाईतर सोमवारी मशीन लावू नका.”

मोहनराव म्हणाले, “तुला ती फ्लॉपी कुणी दिली?”

तिला फक्त दोन शब्द बोलायचे होते, आणि मी पडद्याबाहेर बसलो आहे हे तिला माहीत होतं.

“कॉपी मी केली, साहेब. द्यायच्या आधी मी तपासायला पाहिजे होती. तपासली न्हाई.”

“म्हंजी जिनं रोग आणला तिलाच दवाखान्यात नोकरीला ठिवायचं व्हय?” मोहनराव हसले. बाकीचेही हसले. ती बाहेर आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं माझ्या शेजारचा उमेदवार हळूच म्हणाला. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

माझा नंबर आला तेव्हा मोहनरावांनी दुसरं काही विचारलंच नाही. “काय बे, तूबी त्याच क्लासचा ना? ती पोरगी म्हणती ते खरं हाय का?”

मी म्हणालो, “तशी शक्यता कमी आहे, साहेब.”

हे वाक्य मी बोललो. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. अर्ध्या तासात जागा माझी झाली. मोहनराव म्हणाले, सोमवारपासून ये, महादेवाचा वार हाय. घरी सांगितलं तर आई रविवारी पहाटेच नारळ घेऊन नारायणगडावर निघाली. तिचा आनंद बघून माझ्या पोटात आता खरोखर दुखायला लागलं.

सोमवारी साडेनऊला मी बँकेत पोचलो. मॉनिटरला हळदीकुंकू लागलं होतं, कीबोर्डवर झेंडूची फुलं. दिवाळीपासून मोहनरावांनी हाताने लिहायची खतावणी बंद केली होती, त्यामुळे सभासदांचं सगळं त्या एका डब्यात होतं. नवा ऑपरेटर बटण दाबणार म्हणून सगळा स्टाफ भोवती उभा. मला उपाय माहीत होता. चालू करताना एक की दाबून तारीख सत्तावीस करायची, एवढंच. पण मोहनराव खांद्याशी उभे होते. ते विचारणार, काय करतो बे? मग मी काय सांगणार होतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मनाशी म्हटलं, कदाचित ह्या मशीनला लागलाच नसेल.

दहाला नारळ फुटला. मी बटण दाबलं.

मशीन नेहमीसारखं सुरू झालं. निळं-पांढरं चित्र आलं, कुणीतरी टाळी वाजवली. मी श्वास सोडला. मग स्क्रीन गोठली. माउस हलेना. बंद करून पुन्हा लावलं तर पंख्याचा आवाज येत होता आणि स्क्रीन काळी. पुन्हा लावलं. काळीच.

“काय झालं बे?” मोहनरावांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

मी पुन्हा बटण दाबलं. शेवटी अकराला मॅनेजरनेच क्लासमध्ये फोन करून रुद्राणीला बोलावलं.

ती आली, पेचकसाने डबा उघडला, हार्डडिस्क काढून क्लासच्या साफ केलेल्या मशीनला जोडली आणि कामाला लागली. डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला होता, पण मागे बरंच शिल्लक होतं. ते तुकड्या-तुकड्याने वाचून तिने आठ दिवसांत जवळजवळ सगळं परत मिळवलं. ते आठही दिवस मी तिच्या शेजारी बसून ताळा पाहायला बँकेचे जुने छापील कागद वाचून दाखवत होतो. ती कामापुरतं बोलायची. “पुढचं वाच.” “परत वाच.” एवढंच.

बँकेने तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. नोकरी माझीच राहिली, कारण तसा ठराव झाला होता. मोहनराव भाषणात म्हणाले, बीडच्या लेकीनं बँक वाचवली. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

तिने तो व्हायरस एका फ्लॉपीत बंद करून, काय-काय केलं ते सविस्तर लिहून पुण्याच्या एका कंपनीला पाठवलं. जूनमध्ये मुलाखतीचं पत्र आलं. साठ उमेदवार, बहुतेक इंजिनिअर, इंग्रजी फाडफाड. आतापर्यंत कोणते व्हायरस काढलेत, असं प्रत्येकाला विचारत होते. प्रत्येक जण यादी सांगत होता. रुद्राणीने सांगितलं, “मी एक पसरवलाय. अकरा जागी.” आणि तो कुठून कुठे, कोणाच्या हाताने, कशाच्या लोभाने गेला ते सगळं सांगितलं. बाकीच्यांना दहा-दहा मिनिटं, तिला तासभर बसवून घेतलं. ज्या वाक्याने बीडची नोकरी गेली त्याच वाक्याने पुण्याची मिळाली.

जुलैत ती निघाली. लातूरहून येणारी पुण्याची ट्रॅव्हल्स मांजरसुंब्याला थांबते. अप्पांना दुकान सोडून येता येईना, म्हणून पेटी घेऊन सोबत मी गेलो. धाब्यासमोर चहा घेताना मला राहवेना.

“त्या दिशी माझं नाव कावून घेतलं न्हाईस?”

“घेतलं असतं तर लोकांना चोर सापडला असता,” ती म्हणाली. “मग मशीन बंद ठिवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं असतं? समदे तुला बघायला धावले असते.”

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलोच. “म्हंजी तुला माझा राग न्हाई?”

तिने कप बाकावर ठेवला.

“शनिवारचा न्हाई. सोमवारी दहा वाजेपर्यंत मी बँकेसमोरच्या रसवंतीत बसले हुते, सीडी आन् पेचकस घिऊन. मला वाटलं, तू बाहेर येऊन हाक मारशील.”