गोड पाण्याचा साहेब

ज्या हापशीचं पाणी पिऊ नका असं सांगायला मला पाठवलं होतं, तिचंच पाणी मी सगळ्या गावासमोर तांब्याभर प्यालो आणि वर 'मीठा है' असं प्रशस्तिपत्रकही दिलं. भूशास्त्राची पदवी माझ्याकडे होती. बाटलीमामांकडे ती नव्हती, म्हणून ते प्याले नाहीत.

बाटलीमामा आमच्याच जिल्ह्यातले, अमडापूरचे. परराज्यातल्या एका कोरड्या मुलखात युरेनियमची खाण होती आणि तिच्या आसपासचं पाणी तपासायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे होतं. मामा नमुने गोळा करत. खांद्यावरच्या पिशवीत सदा वीसेक रिकाम्या बाटल्या, त्यावरून हे नाव पडलं. दुसऱ्या तऱ्हेच्या बाटलीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, हे मात्र मला प्रत्येक नव्या माणसाला समजावून सांगावं लागे.

नमुना घ्यायचा तर आधी पाइपात साचलेलं पाणी काढून टाकायचं, हा मामांचा पहिला नियम. "शिळं पाणी जाऊ दे बे. मंग जमीन खरं बोलते." मग त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची. हापसायचं काम अर्थात माझं. दहा मिनिटांत माझे दंड भरून येत आणि मामा शेजारी बसून बाटलीवर गावाचं नाव लिहीत. माणसांनाही ते हाच नियम लावत. कुणी तक्रार घेऊन आला की त्याला आधी पोटभर बोलू देत. "पहिलं निघते ते साचेल असते," म्हणत.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. मी पूर्णाकाठचा, खारपाणपट्ट्यातला. आमच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि पोरगी देताना लोक जमिनीआधी पाणी विचारतात. गोड पाणी म्हणजे चांगलं पाणी, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. त्या गावच्या हापशीचा पहिला अहवाल वाईट आला होता. आम्ही तो सांगायला आणि दुसरा नमुना घ्यायला गेलो. उन्हात हापसून जीव कंठाशी आलेला, त्यात एका म्हातारीनं तांब्या पुढे केला. नाही म्हणावं तर तिचा अपमान. प्यालो. असं पाणी आमच्याकडे पाहुण्यालासुद्धा मिळत नाही. मी हसलो आणि तोंडातून दाद निघून गेली.

मामांनी त्याच म्हातारीनं पुन्हा भरलेला तांब्या दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पाणी बाटलीत ओतून तिचं नाव लिहिलं. म्हातारी खूश. मान राहिला आणि घसा कोरडाच. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जिभेले युरेनियम समजते काय बे? खारं पाणी तोंडावर शिवी देते. हे गोड बोलते अन् किडनी खाते."

खाण आपल्या पोटातलं पाणी उपसते, म्हणून भोवतालच्या विहिरी खोल जातात. धुतलेल्या दगडाचा गाळ तळ्यात साठतो, त्यातून काय झिरपेल ते बिनबोभाट खाली जातं. "अन् पाऊसच नाही, तं धुवून कोण काढीन?" हे मामांचं भूशास्त्र. माझ्या पुस्तकात त्यालाच चाळीस पानं लागली होती.

दुसऱ्या सकाळी पाहतो तर हापशीवर घागरींची रांग. आम्ही 'पिऊ नका' म्हणालो, तर म्हातारी शांतपणे म्हणाली, "साहब ने पिया. हँसे भी."

मामांनी मला दारोदार फिरवलं. प्रत्येक उंबऱ्यावर मी एकच वाक्य म्हणायचं: कल मैंने गलती की, वह पानी मत पीजिए. शेवटच्या घरातल्या सुनेनं विचारलं, तुम्ही चालेल म्हणता ती खारी विहीर दोन कोसांवर आहे, घागर तू आणणार का? मी मामांकडे पाहिलं. मामांनी घागर माझ्याकडे दिली आणि दुसरी स्वतः उचलली. चार दिवस आम्ही पाणी वाहिलं. माझी पहिली घागर विहिरीपासून शंभर पावलांवर फुटली. बायका हसल्या, आणि त्या हसण्यानंतरच एकेक जण आमच्यामागे चालू लागली. टँकर सुरू झाला, हापशीला साखळी लागली, तेव्हा आम्ही निघालो. म्हातारीनं मात्र त्या चार दिवसांत कुणाचंच ऐकलं नव्हतं; ती हापशीचंच पाणी पीत राहिली होती. मामा गाडीत बसेपर्यंत तिच्या दाराकडे बघत होते.

मामा गेल्याचं मला उशिरा कळलं. अमडापूरला गेलो. मामींनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. कोनाड्यात मामांची पिशवी तशीच होती. मामींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "मामी, हे पाणी कुठलं?"

मामींनी मला नीट न्याहाळलं.

"म्हंजे तो गोड पाण्याचा साहेब तूच काय? जिथं इचारा लागत होतं तिथं तांब्याभर ढोसलं, अन् आता माह्या घरी इचारून राह्यला."