लाल भिंतीचा उजेड

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या एका चित्रशाळेची जुनी इमारत विकली गेली, तेव्हा मार्लिस ट्वेटनने नव्या जागेत आधी पाहिली ती खिडकी. जिना, हीटर, संडास सगळं नंतर. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही आणि या शाळेत एकेक चित्र महिनोन्महिने चालतं. बंद पडलेल्या चर्चचा हॉल तिने एका ढगाळ दुपारी पाहिला. खिडकी मोठी, तीही उत्तरेला. तिथल्या तिथे हो म्हणून बाई मोकळी झाली. घाई नडते ती अशी.

मार्लिस मूळची एका शाळेच्या खानावळीत वाढपी. संध्याकाळच्या वर्गाला म्हणून व्हर्नन ऑसगुडकडे आली आणि तिथलीच झाली. शाळा व्हर्ननसरांनी काढलेली. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी ती मार्लिसच्या गळ्यात घातली आणि स्वतः मॉडेल म्हणून खुर्चीत बसू लागले. सगळा वर्ग त्यांचंच चित्र रंगवत होता, निम्म्याहून जास्त झालेलं. सरांच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत, हे सरांखेरीज फक्त मार्लिसला ठाऊक होतं. विद्यार्थ्यांनी मात्र सरळ सांगितलं होतं, नव्या जागेत हेच काम पुढे चाललं तर राहू, नाहीतर शाळा सोडू.

नव्या जागेतल्या पहिल्या सकाळी लख्ख ऊन पडलं. खुर्चीच्या आणि चित्र टेकवायच्या ईझलच्या पायांच्या खुणा मार्लिसने जुन्या मापाने जमिनीवर चिकटपट्टीने करून ठेवल्या होत्या. सर बसले आणि त्यांचा चेहरा लालबुंद दिसू लागला. बोळापलीकडच्या विटांच्या भिंतीवर ऊन पडून तो सगळा लाल उजेड खिडकीतून आत येत होता. पडदा ओढला तर अंधार.

"बाई, सरांनी सकाळीच लावली की काय?" वर्गातला डेल म्हणाला. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, जिभेला हाड नाही. कोणीच हसलं नाही.

"जुनेच रंग लावा," मार्लिस म्हणाली. "सर कसे दिसायचे ते आठवतंय ना?"

डेलने ब्रश खाली ठेवला. "दिसतं ते रंगवा, आठवतं ते नाही, म्हणून इतकी वर्षं आमचा जीव खाल्लात. ते काय फक्त जुन्या पत्त्यापुरतं होतं?"

पलीकडच्या ईझलवरच्या लॉरेटाने रंगांची पेटी आवरायला घेतली. तिचं पाहून आणखी दोघं उठले. शाळा डोळ्यांदेखत संपत होती.

मार्लिस आपल्या ईझलपाशी गेली. सरांचं ते चित्र तिच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं, सगळे तसं म्हणत. तिने रंगाची सुरी उचलली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत रंग खरवडून काढला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून. जे दिसतंय ते."

डेलची सुरी कॅनव्हासवर फिरल्याचा आवाज आला. लॉरेटाने पेटी खाली ठेवली.

सर तिच्याकडेच पाहत होते. "मार्लिस," ते हळूच म्हणाले, "पुरं होईपर्यंत मी असेन का गं?"

"माहीत नाही, सर," लाल रंगाची ट्यूब पिळत ती म्हणाली. "हलू नका."