दागमारची खुशाली

एइगिल दुकानात आला तेव्हा मी पावाची फळी पुसत होते. त्याने टोपी काढली, परत घातली, आणि दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून खालच्या आवाजात विचारलं, "रागनहिल, कोंबडी शेपूट खाली टाकून नुसती उभी राहिली, तर काय समजायचं?"

"कुणाची कोंबडी?"

"बाईंची. म्हणजे आता माझी. दागमार."

आमच्या बेटावर बाई म्हटलं की थूराबाई, दुसरं कुणी नाही. त्या इथल्या शाळेत शिकवायच्या. पोरं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली, तरी बाई गेल्या नाहीत. एइगिलच्या घराला लागूनच त्यांचं घर, मधे काटेरी झुडपांचं कुंपण. एइगिल फेरीबोटीवर दोर टाकायचं काम करतो. लग्न केलं नाही, आईबाप गेल्यावर त्याच घरात एकटा राहिला. बोलायला लागला की समोरच्याला वाटतं, याला शब्द कुणीतरी वजनावर विकत देतंय.

बाईंकडे चारपाच कोंबड्या असायच्या. त्यातली दागमार अंडं घातलं की असा कलकलाट करायची, जणू या जगात पहिलंच अंडं तिने घातलंय. मग बाई मागच्या दारी येऊन मोठ्याने म्हणायच्या, "शाब्बास दागमार! कळलं हो सगळ्यांना!" आणि कुंपणाच्या अलीकडे एइगिल कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभा असायचा. खिडकी थंडीतही किलकिली. कोंबडी ओरडली, बाई बोलल्या, की कप विसळून तो धक्क्यावर जायचा. किती वर्षं हे चाललं होतं कोण जाणे. कधीमधी बाई कुंपणावरून एखादं अंडं त्याच्या हातात ठेवायच्या. तो "आभारी आहे" म्हणायचा. संपलं.

मग बाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगी बिर्गिते येऊन त्यांना शहरात, ओडेन्सला घेऊन गेली. घर कोपनहेगनच्या माणसांना विकलं. कोंबड्या वाटून टाकल्या, पण म्हातारी दागमार कुणालाच नको होती. एइगिल कुंपणापलीकडून म्हणाला, "राहू दे इकडे."

तेव्हापासून दर रविवारी बाईंचा फोन. आधी प्रश्न दागमारचा. खाते का? अंडी घालते का? एइगिल म्हणणार, खाते, घालते. आणि तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

"तुरा कसा आहे?" मी विचारलं.

"फिका पडलाय. पिसं फुगवून उभी राहते. मधेच जोर काढते."

"अंडं अडलंय," मी म्हणाले. माझ्या आईच्या कोंबड्यांचं मी लहानपणी बघितलं होतं. "कोमट पाण्यात बसव, पोट बुडेल एवढ्या. मग बोटाला तेल लाव आणि मागून हळूच चाचपून बघ, अंडं लागतंय का."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी?"

"नाहीतर काय, पाद्रीबाबांना बोलावू?"

"रागनहिल, मी आजवर कुणाच्याही..."

"ठाऊक आहे. सगळ्या बेटाला ठाऊक आहे. हात धू आणि लाग कामाला."

दुकान बंद करून मी तिकडे गेले. एइगिल स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसला होता. कपडे भिजवायच्या टबात दागमार बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, मान त्याच्या मनगटावर टाकलेली. पाणी गार झालं की तो किटलीतलं गरम थोडं ओतायचा, आधी स्वतःचा हात मधे धरून. बोटाने त्याने चाचपलं तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते. बऱ्याच वेळाने कोंबडीने अंग आवळलं आणि अंडं आलं. अंडं कसलं, ओल्या पिशवीसारखं काहीतरी, वर कवचच नाही. दागमार ओरडली नाही. टॉवेलमध्ये गुंडाळल्यावर झोपून गेली.

चार दिवस बरी होती. मग पुन्हा तेच. नंतर तर अंडं यायचंच बंद झालं आणि पोट पाण्याच्या पखालीसारखं लोंबायला लागलं. चालायची ती पाय फाकवून, दम खात. एइगिल तिला कालवलेले दाणे हाताने भरवायचा, शिंपल्यांचा चुरा घालून. खुराडं रिकामंच राहिलं. ती चुलीशेजारी पेटीत झोपायची.

आणि रविवारी फोनवर हा सांगायचा, "घालते की. रोज."

मी चिडले. "अरे, बाईंना सांगत का नाहीस?"

"त्या म्हणतील, मान मुरगाळ. व्यवहारी आहेत बाई."

"बरोबरच म्हणतील."

"आणि मग?" तो म्हणाला. "मग रविवारी त्या कुणाची खुशाली विचारतील?"

खिडकीपाशी त्याचा सकाळचा उपडा ठेवलेला कप होता. खिडकीचं आणि कलकलाटाचं त्याने मला त्या दिवशी सांगितलं, तेही एका दमात नव्हे. मी फक्त म्हणाले, "पलीकडच्या किनाऱ्यावर, स्वेनबोर्गला जनावरांची डॉक्टर आहे. घेऊन जा तिला."

दुसऱ्या दिवशी एइगिल स्वतःच्याच बोटीवर उतारू म्हणून चढला, हातात झाकणाची टोपली. कप्तान वरून ओरडला, "काय रे, सासरी चाललास का?" एइगिल म्हणाला, "दवाखान्यात." टोपलीतून दागमार बारीक आवाजात कुरकुरली आणि बोटीवरचे सगळे हसले. एकजण म्हणाला, "बाळंतपण दिसतंय!" एइगिल पार किनारा येईपर्यंत टोपलीवर कोट धरून वाऱ्याच्या आडोशाला बसून राहिला.

डॉक्टर तरुण मुलगी होती, पण नीट समजावून सांगणारी. म्हणाली, बलक अंड्याच्या वाटेला न जाता पोटात पडतोय, आतून सगळं सुजलंय. तिने सुईने पाणी काढलं, गढूळ, पिवळसर, वाटीभरून. मग म्हणाली, "कातडीखाली एक बारीक गोळी बसवते. अंडी बनायची थांबतील. आजार जाणार नाही, पण तिला हलकं वाटेल. उन्हाळाभर तरी."

"म्हणजे परत अंडं नाही?"

"नाही."

"आणि ते ओरडणं? अंडं घातल्यावरचं?"

"अंडंच नाही, तर ओरडेल कशाला?"

एइगिलने मान हलवली. गोळी बसवून घेतली आणि बाहेर आला. दवाखान्यापासून धक्का उजवीकडे आणि स्टेशन डावीकडे. तो सांगतो, मी ठरवलं असं काही नाही, पाय डावीकडे गेले. ओडेन्सची गाडी उभी होती.

बाईंनी दार उघडलं ते वॉकरला धरून. केस कापले होते. एइगिलला आधी त्या ओळखूच आल्या नाहीत. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग टोपलीकडे. काही न विचारता खुर्चीत बसल्या आणि हात पुढे केले. दागमारला मांडीवर घेऊन पोटाखालून एकदा हात फिरवला.

"कधीपासून?"

"ईस्टरच्या आधीपासून."

"आणि मला रोज अंडी सांगत होतास? गेल्या रविवारी तर दोन बलकांचं घातलं म्हणालास!"

"ते... बोलता बोलता आलं तोंडात."

"दोन बलकांचं!" बाई म्हणाल्या. "मी बिर्गितेला कौतुकाने सांगितलं रे."

"तुम्ही म्हणाला असतात, मारून टाक."

"म्हणालेच असते. तुझ्याने झालं नसतं, ते वेगळं."

तेव्हा एइगिल बोलून गेला, "आणि मग रविवारी तुम्ही फोन कशाला केला असता?"

बोलला आणि जमिनीकडे बघत बसला. बाई बराच वेळ कोंबडीची पिसं सारखी करत होत्या. मग म्हणाल्या, "कॉफी घे, मूर्खा. गार होतेय."

त्याने कॉफी घेतली. बाईंनी राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा बोटांनी कुस्करून दागमारला भरवला. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "इथे खिडकी उघडली ना, तरी कुणाचा आवाज येत नाही, एइगिल. सगळे फार सभ्य आहेत."

आता हे मला माहीत होतं, कारण रंग माझ्या दुकानातून गेला होता: एइगिलने हिवाळ्यात आपल्या आईची खोली रंगवली होती. तळमजल्यावरची, उंबरठासुद्धा काढून टाकलेला. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवली होती. कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं.

"मग?" मी म्हणाले. तो परत आल्यावर सगळं ऐकून घेताना मला धीर निघेना. "काय म्हणालास बाईंना?"

"म्हणालो, कुंपण फार वाढलंय."

"आणि?"

"त्या म्हणाल्या, काप की. मी म्हणालो, हो."

"एवढंच? अरे गाढवा, ओडेन्सपर्यंत जाऊन कुंपण?"

"गाडीची वेळ झाली होती," तो म्हणाला.

उन्हाळाभर दागमार खरंच हलकी झाली. अंगणात उन्हात पंख पसरून पडायची, धुळीत लोळायची, एइगिलच्या बुटाच्या नाड्या ओढायची. तुऱ्यावर थोडा रंगही आला. पण आवाज गेला तो गेलाच. सकाळी तो कॉफी घेऊन खिडकीशी उभा राहायचा आणि ती त्याच्या पायाशी गुमान बसलेली असायची. पलीकडे नवीन मालकांचं गवत वाढलेलं. मी एकदा जाता जाता हाक मारली, "काय बघतोस रे?" म्हणाला, "काही नाही." खोटं नव्हतं ते.

ऑगस्टअखेर पोट पुन्हा भरलं. या वेळी त्याने तिला टोपलीत घातलं नाही. मांडीवर घेऊन बसला, आणि दुपारी ती गेली.

तो रविवार आला तेव्हा मी केक घेऊन मुद्दाम त्याच्याकडे गेले. कॉफी केली. दोघं फोनकडे न बघायचा प्रयत्न करत बसलो. वाजला. एइगिल उठेना. मीच त्याच्या दंडाला धरून उठवलं.

बाईंचा आवाज अजून वर्गातलाच आहे, अख्ख्या स्वयंपाकघरात ऐकू येतो.

"दागमार कशी आहे?"

"गेली, बाई. बुधवारी."

"कुठे पुरलीस?"

"तुमच्या बाजूला. सफरचंदाच्या झाडाखाली."

"तिथे कोपनहेगनची माणसं राहतात!"

"ती जुलैतच येतात फक्त."

"विचारलंस त्यांना?"

"नाही."

बाई हसल्या. हसत राहिल्या, मधेच नाक ओढल्यासारखा आवाज आला, मग पुन्हा हसल्या. एइगिल रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभा होता. हसणं थांबलं. आता त्या फोन ठेवणार असं त्याला वाटतंय, हे त्याच्या पाठीवरून मला दिसत होतं. तो त्याचीच वाट बघत उभा होता.

"जेवायला काय केलंयस?" बाईंनी विचारलं.

"बटाटे."

"सालासकट?"

मी कोट घातला. दार ओढून घेताना ऐकलं, एइगिल सांगत होता की बटाटे सोललेत, यंदाचेच आहेत, वाळूतल्या वाफ्यातले, जरा लहान निघाले पण गोड आहेत. एवढं बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं.