तिसऱ्या रांगेचा आवाज

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते आणि आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकांचे गठ्ठे आले. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ ही मी वाचलेली पहिली ओळ. यातल्या भगिनी सभेत असतात कुठं, हा प्रश्न मला फार लवकर पडला. त्या मागच्या रांगांत असतात. बोलतातही. पण माइक पुढं असतो.

आमची वसाहत सोलापुरातल्या विडी कामगारांची. पत्र्याची घरं, उन्हाळ्याच्या दुपारी आत बसवत नाही. म्हणून बायका मांडीवर सूप घेऊन सोसायटीच्या हॉलमध्ये विड्या वळतात. माझी आईही त्यांच्यातलीच. गेल्या सभेत हा हॉल लग्नांसाठी एका ठेकेदाराला भाड्यानं द्यायचा विषय निघाला. बायका एकदमच बोलल्या, कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, कुणी दखनीत. अध्यक्षांनी कानांवर हात ठेवले आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं: चर्चा झाली, विरोध आला नाही, अंतिम निर्णय पुढच्या सभेत.

“मी बोलले की गं,” आई घरी आल्यावर म्हणाली. “तिसऱ्या रांगेत उभी राहून बोलले.”

मी ती सभा मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. ऐकली तर नुसता गलका. आई त्यात होती, पण सापडत नव्हती. माणसं वेगवेगळी ऐकू यायला हवी असतील तर ती वेगवेगळीच रेकॉर्ड करायला हवीत, हे मला तेव्हा कळलं.

एका ऑर्केस्ट्राच्या साउंडवाल्याकडून मी आठ माइक आणि ते सगळे एकाच वेळी लॅपटॉपला जोडणारा डबा मागून आणला. “जपून, ताई. माझं पोट हाय त्यात,” तो म्हणाला. रेकॉर्डिंगचे चकचकीत प्रोग्रॅम माझ्या जुन्या लॅपटॉपवर उघडता उघडताच मान टाकत. शेवटी एक फुकटचा प्रोग्रॅम सापडला. त्याला ना चित्र, ना बटण. काळ्या पडद्यावर हुकमाची एक ओळ टाइप करायची, आवाज कुठून घे आणि कुठं साठव, की झालं. मला तो लगेच आवडला. सजावट शून्य आणि म्हणणं स्वच्छ. पत्रकासारखाच.

सभेच्या आदल्या दिवशी आम्ही चाचणी घेतली. प्रत्येक रांगेत एकेक बाई बसवली आणि सगळ्यांना एकदम बोलायला लावलं. रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या दोन रांगा आल्या, बाकी सगळी शांतता. मी वायरी बदलल्या, माइक बदलले, साउंडवाल्याला मनात शिव्या घातल्या. दोष माझ्या ओळीत होता. किती आवाज घ्यायचे तो आकडा मी लिहिलाच नव्हता आणि सांगितलं नाही तर तो प्रोग्रॅम दोनच धरतो. मला हसू आलं, मग संताप आला. आमच्या सोसायटीचं दुसरं काय होतं? मी ओळीत आठ हा आकडा घातला. मागची रांग आली.

रविवारी सकाळी सात रांगांना सात माइक आणि आठवा व्यासपीठावर असं सगळं मांडलं. लपवाछपवी मला मान्य नाही. सभेआधी उभी राहून मी सांगितलं की सगळं रेकॉर्ड होणार आहे, कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला. कुणी बोललं नाही. अध्यक्षांनी वाकून माझा लॅपटॉप पाहिला. काळा पडदा, त्यावर बारीक पांढरी अक्षरं.

“बंद पडलंय की पोरीचं,” ते सचिवांना म्हणाले.

“चालू आहे, काका.”

“असू दे, असू दे. बस खेळत.”

हॉलचा विषय निघाला आणि गेल्या वेळेसारखाच कल्ला उठला. त्या कल्ल्यातच अध्यक्षांनी ठराव वाचला, आणि सभा संपवताना सचिवांनी प्रथेप्रमाणे इतिवृत्त वाचून दाखवलं: ठराव सर्वानुमते मंजूर.

“एक मिनिट,” मी म्हणाले. रेकॉर्डिंग थांबवलं, अध्यक्षांच्याच स्पीकरची वायर लॅपटॉपला लावली आणि दुसरी ओळ टाइप केली. फक्त पाचवा आवाज.

“हॉल इव्वम्,” पाचव्या रांगेतली तेलुगू अक्का स्पीकरमधून म्हणाली. “देणार न्हाय. लिवून घ्या.”

मग सहावा. आमच्या शेजारची खाला. “हमारा हॉल है, नै देते.”

मग तिसरा. शेजारच्या रांगा थोड्या झिरपत होत्या, पण आई पुढं होती, स्पष्ट. “ठराव मताला टाका. हात वर करायला सांगा. माझा विरोध लिहा.”

सगळे वळून आईकडं बघायला लागले. आई मात्र आपण नव्हेच अशा चेहऱ्यानं पंख्याकडं बघत होती.

“सगळेच एकदम बोलले तर ऐकायचं कसं?” अध्यक्ष म्हणाले.

“एकेक का सुनना, मालक,” खाला म्हणाली. “मशीन सुन्या की.”

शेवटी मी आठवा लावला, व्यासपीठावरचा. त्यात अध्यक्ष होते: “हरकत न्हाय ना कुणाची,” आणि श्वासाचीही फट न ठेवता, “न्हाय.” तेवढ्यावर अख्खा हॉल हसला. सचिवसुद्धा.

मतदान घ्यावंच लागलं. ठरावाच्या बाजूनं हात वर झाले ते व्यासपीठावरचे आणि पहिल्या रांगेतले. विरोधाचे हात विचारल्यावर मागं भिंत दिसेनाशी झाली. सचिवांनी ‘मंजूर’ खोडून ‘फेटाळला’ लिहिलं आणि आईनं जाऊन ते लिहिलेलं स्वतः वाचलं. मला घोषणा द्यायची फार ऊर्मी आली. पण बायका आधीच सुपं आणायला उठल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये पान कापता कापता आईनं तिसरा आवाज परत लावायला सांगितला. मान हलवत पुरता ऐकला.

“अध्यक्षांचा लावू?”

“नको. त्यो रोजचाच हाय,” ती म्हणाली. “अक्काचा लाव.”