आई उठल्याचा मेसेज

दिवाळी सरली की पाथर्डीकडची आमची वस्ती ऊसतोडीला जाते. घरांना कुलपं लागतात आणि माझी आई एकटी मागे राहते. वडील वारले तेव्हा तिने कोयता खाली ठेवला, पण नगरला माझ्याकडे येऊन राहायला ती काही तयार होईना. सकाळी ती उठली की नाही हे बघायला शेजारी माणूस नाही. एमआयडीसीत मशीनसमोर उभा असलो तरी माझा जीव तिकडेच अडकलेला असायचा.

मी इलेक्ट्रिशियन, त्यात खटपट्या. वायफाय असलेला बोटभर लांबीचा बोर्ड आणि हालचाल ओळखणारा सेन्सर मागवला. दोन रविवार तारांना सोल्डरचे डाग देण्यात आणि स्वतःवर चिडण्यात गेले. आधी तो खाली बसवला, तर मांजर गेलं तरी मेसेज यायचा. मग मोरीच्या वाटेवर, कमरेच्या उंचीला, प्लास्टिकच्या डबीत घालून भिंतीवर ठोकला. नेटसाठी माझा जुना मोबाईल फळीवर ठेवून दिला. सकाळी आई समोरून गेली की माझ्या फोनवर दोन शब्द यायचे, ‘आई उठली’. कारखान्यात मी ते ज्याला त्याला दाखवत सुटलो.

हळूहळू माझा रोजचा संध्याकाळचा फोन मात्र चार-पाच दिवसांवर गेला. मेसेज येतोय म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो.

पौषातल्या एका रविवारी बॅटरी बदलायला न सांगताच गेलो. त्या दिवशीही सहाच्या आत मेसेज आला होता. दहाला पोचलो तर आई गोधडीत, अंग चटका बसेल इतकं तापलेलं, चूल थंड. तीन दिवस ताप होता आणि तिन्ही दिवस मेसेज अगदी वेळेवर आले होते. माझं डोकं फिरलं. उठवत नव्हतं तर उठलीस कशाला, म्हणून मी तिच्यावरच ओरडलो.

“फडावर मुकादम हजेरी घ्यायचा, तवा तापातबी तोंड दाखवावं लागायचं,” ती म्हणाली. “न्हाईतर खाडा पडायचा. म्हनलं, तुज्याकडं खाडा नको. म्हून सकाळी त्या डबीम्होरनं जायाचं नि परत येऊन पडायचं.”

ज्या मुकादमाच्या नावाने लहानपणी मी बोटं मोडली, तोच मी तिच्या घरात भिंतीवर आणून बसवला होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

तिला डॉक्टरकडे नेलं, आठवडाभर नगरला ठेवून घेतलं. परत सोडायला गेलो तेव्हा डबी काढून टाकणार होतो, पण राहू दे म्हणाली. मग खाटेच्या उशाला एक बटण जोडलं. उठवलं नाही किंवा उठावंसं वाटलं नाही तर हे दाबायचं, त्याचा खाडा धरत नाहीत, असं तिला दोनदा समजावलं. ती नुसती हसली.

फाल्गुनात एका सकाळी कामावर असताना फोन वाजला. ‘आई आज उठत नाही’. हातातला टेस्टर तिथेच टाकून तिला फोन लावला. किती वेळ रिंग वाजत राहिली. शेवटी तिने उचलला. ताप नव्हता, काही दुखतही नव्हतं.

“बरी हाय रं मी,” ती म्हणाली. “आज नुसतं पडून ऱ्हावं वाटलं.”

उभ्या जन्मात आईच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. पडून राहा म्हणालो, दिवसभर पडून राहा. आणि मशीनच्या मागे जाऊन डोळे पुसले.